अडकणारे ब्रेक कॅलिपर : बदलावेत की दुरुस्त करावेत? उद्यमनगरातल्या एका गॅरेजच्या कामाचे परीक्षण

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात फक्त ब्रेकचेच काम करणारे एक छोटे गॅरेज आहे. माझ्या नऊ वर्षे वापरात असलेल्या पेट्रोल हॅचबॅकचे पुढचे दोन्ही कॅलिपर, म्हणजे ब्रेकचे पॅड चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कवर दाबणारे भाग, मी तेथे दुरुस्त करून घेतले आणि त्यानंतर संपूर्ण पावसाळा गाडी रत्नागिरीत वापरून झाल्यावरच हे परीक्षण लिहायला घेतले. ब्रेकच्या कामाबद्दल घाईने मत देणे बरोबर नाही, कारण उघडून पुन्हा जोडलेला कॅलिपर पहिले काही आठवडे बहुधा चांगलाच चालतो. आतले काम कसे झाले आहे ते ओल, चिखल आणि खारी हवा यांतून गाडी गेल्यावरच समजते. रत्नागिरीत वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि पाऊस नसतो तेव्हा समुद्रावरून येणारा खारट वारा असतोच, त्यामुळे कॅलिपरच्या दुरुस्तीची परीक्षा घेण्यासाठी याहून कठीण जागा महाराष्ट्रात फारशी सापडणार नाही.

तक्रार अशी होती की ब्रेक दाबला की गाडी किंचित डावीकडे ओढत असे, आणि थोडे अंतर चालवून थांबल्यावर पुढच्या डाव्या चाकाजवळ जळकट वास येत असे. त्या चाकाच्या रिमवर काळी भुकटी उजव्या चाकापेक्षा कितीतरी जास्त साचत होती. सपाट रस्त्यावर गाडी न्यूट्रलमध्ये सोडली तर ती पूर्वीसारखी सहज पुढे जात नव्हती, आणि पेट्रोलचा खर्चही वाढला होता. ही सगळी लक्षणे कॅलिपर धरून राहत असल्याची आहेत, परंतु तो नेमका कशामुळे धरतो आहे हे त्यांवरून ठरत नाही. माझ्या मते या दुरुस्तीतला सर्वांत महत्त्वाचा आणि सर्वांत दुर्लक्षित भाग हाच आहे.

उद्यमनगरात जाण्यापूर्वी मी गाडी एका अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये दाखवली होती. तेथे चाक उचलून हाताने फिरवून पाहिले, ते जड लागले, आणि लगेच दोन्ही बाजूंचे कॅलिपर, डिस्क व पॅड असे सगळे बदलण्याचे अठरा हजार रुपयांच्या आसपासचे अंदाजपत्रक माझ्या हाती देण्यात आले. कॅलिपर कशामुळे अडकतो आहे असे विचारल्यावर ‘आम्ही कॅलिपर उघडत नाही, असेंब्लीच बदलतो’ असे उत्तर मिळाले. या धोरणामागे कारण आहे हे मला मान्य आहे, कारण नवा कॅलिपर बसवण्यात कारागिराच्या कौशल्यावर फारसे अवलंबून राहावे लागत नाही आणि जबाबदारीही स्पष्ट राहते. मात्र दोष कॅलिपरपर्यंत ब्रेक ऑइल नेणाऱ्या रबरी नळीत, म्हणजे होजमध्ये, असता तर नवे कॅलिपर बसवूनही चाक तसेच जाम होत राहिले असते, आणि ती शक्यता तपासण्याचे कष्ट तेथे कोणीही घेतले नाहीत.

पुढचे सारे समजण्यासाठी कॅलिपरची रचना थोडक्यात सांगणे आवश्यक आहे. आपल्याकडच्या बहुतेक लहान मोटारींना पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम ब्रेक असतात, आणि पुढचा कॅलिपर सरकता असतो; म्हणजे त्याला एकच पिस्टन असतो, तो आतल्या बाजूचा पॅड डिस्कवर दाबतो, आणि त्याच्या उलट जोराने कॅलिपरचा सगळा देह दोन गाइड पिनांवर सरकून बाहेरचा पॅड डिस्कवर ओढून घेतो. पेडलवरचा पाय काढल्यावर पिस्टन मागे घेण्यासाठी तेथे कोणतीही स्प्रिंग नसते. पिस्टनभोवती बसवलेले चौकोनी छेदाचे रबरी सील ब्रेक दाबताना किंचित पीळ खाते आणि दाब सुटल्यावर मूळ आकारात येताना पिस्टनला मिलिमीटरच्या एखाद्या अंशाइतके मागे खेचते. चाक मोकळे होण्याची सगळी व्यवस्था इतक्याशा हालचालीवर उभी आहे. सील कडक झाले, पिस्टनवर गंज चढला किंवा पिना त्यांच्या भोकांत अडकल्या, की ही हालचाल थांबते आणि पॅड डिस्कला घासत राहतो.

उद्यमनगरातल्या गॅरेजचे मालक साठीच्या पुढचे आहेत, सगळे त्यांना काका म्हणतात, आणि गाडी पाहताच किंमत सांगण्याची त्यांना सवय नाही. ‘आधी उघडून बघूया, मग पैशाचं बोलू,’ एवढेच ते म्हणाले. त्यांनी गाडी जॅकवर उचलून खाली स्टँड लावले, मला आत बसवून ब्रेक जोरात दाबायला आणि सोडायला सांगितले, आणि डावे चाक फिरवून पाहिले. चाक धरलेलेच होते. मग त्यांनी कॅलिपरवरचे एअर काढण्याचे निपल सैल केले, थोडे ब्रेक ऑइल बाहेर आले, आणि त्यांनी चाक पुन्हा फिरवले. निपल उघडल्यावर चाक मोकळे झाले असते तर ऑइलचा दाब मागे अडकून राहतो आहे, म्हणजे होज आतून सुजली आहे किंवा पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणाऱ्या मास्टर सिलिंडरमध्ये दोष आहे, असे ठरले असते. जुनी होज बाहेरून धडधाकट दिसत असली तरी आतला थर सुटून ती ऑइलला पुढे जाऊ देते आणि परत येऊ देत नाही. आमच्या गाडीचे चाक निपल उघडल्यावरही तितकेच जड राहिले. म्हणजे दोष कॅलिपरच्याच यंत्रभागात होता. एका पान्याने आणि दोन मिनिटांत होणारी ही तपासणी कोणत्याही गॅरेजमध्ये करता येण्यासारखी आहे, आणि वाचकांनी आपल्या मेकॅनिककडे ती आवर्जून मागावी.

त्यानंतर कॅलिपर सोडवून पॅड बाहेर काढले. डावीकडच्या आतल्या पॅडची झीज बाहेरच्या पॅडपेक्षा कितीतरी जास्त होती, शिवाय तो एका टोकाला पातळ आणि दुसऱ्या टोकाला जाड असा तिरका झिजला होता. एक पिन सरकते आणि दुसरी सरकत नाही तेव्हा कॅलिपर वाकडा ओढला जातो आणि पॅड असा झिजतो. वरची पिन हाताने बाहेर आली. खालची पिन मात्र पान्याने डावी-उजवी फिरवत, गंज सुटण्याचे द्रव्य सोडून आणि बराच वेळ वाट पाहून काढावी लागली. तिच्यावरचे ग्रीस वाळून डांबरासारखे काळे आणि चिवट झाले होते, आणि पिनेच्या रबरी बुटाला, म्हणजे पाणी व धूळ अडवणाऱ्या आवरणाला, घडीच्या जागी एक बारीक चीर होती. ती बोटांनी ताणल्याशिवाय दिसतही नव्हती. पाणी आत शिरले ते तेथूनच.

पिस्टन काढण्यासाठी त्यांनी कॅलिपरच्या जबड्यात लाकडी ठोकळा ठेवून कंप्रेसरची हवा अगदी हळू सोडली, आणि हात दूर ठेवण्याची सूचना त्यांच्या मुलाला दोनदा दिली. पिस्टन बाहेर आल्यावर काकांनी तो कापडाने पुसला, दाराजवळ उजेडात नेऊन फिरवला आणि अंगठ्याचे नख त्याच्या कडेवरून ओढून दाखवले. मीही नख ओढून पाहिले. क्रोमचा थर तीन-चार ठिकाणी सुटून तेथे टाचणीच्या डोक्याएवढे खड्डे पडले होते आणि नख त्यांत स्पष्ट अडकत होते. हे खड्डे सीलच्या बाहेरच्या, धुळीच्या बुटाजवळच्या भागात होते. पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर येत राहतो आणि त्याचा उघडा पडलेला भाग गंजतो. मग नवे पॅड टाकताना मेकॅनिक पिस्टन दाबून आत ढकलतो आणि तो गंजलेला भाग नेमका सीलमध्ये जाऊन बसतो. पॅड बदलल्यावर थोड्याच काळात ब्रेक धरायला लागले अशी तक्रार इतक्या वेळा ऐकू येते, तिचे एक मोठे कारण हे आहे, आणि मला ते इतक्या स्पष्टपणे कोणी दाखवले नव्हते.

येथे दुरुस्ती की बदल हा निर्णय घ्यायचा होता, आणि तो ज्या पद्धतीने घेतला गेला त्यासाठी मी या गॅरेजला सर्वाधिक गुण देतो. पिस्टनला घासकागद मारून तोच परत बसवण्याची कल्पना काकांनी बोलून दाखवण्याआधीच बाद केली, कारण क्रोम एकदा सुटला की घासल्याने उघडे पोलाद आणखी वाढते. पिस्टन ज्यात सरकतो त्या कॅलिपरच्या सिलिंडरच्या भिंतीवर मात्र केवळ डाग होते. सरकत्या कॅलिपरमध्ये सील सिलिंडरच्या खाचेत बसलेले असते आणि त्यावरून सरकतो तो पिस्टनचा पृष्ठभाग, त्यामुळे सिलिंडरच्या भिंतीपेक्षा खाचेची स्वच्छता आणि पिस्टनचा गुळगुळीतपणा यांना महत्त्व आहे, हे त्यांनी समजावून सांगितले. खाच खोलवर खाल्लेली असती, पिनेचे भोक गंजून मोठे झाले असते किंवा निपल आत तुटले असते, तर आपण नवा कॅलिपरच घ्यायला सांगितले असते, असे ते म्हणाले, आणि दुकानाच्या कोपऱ्यात अशा कारणांनी टाकून दिलेल्या कॅलिपरचा ढीग मला दिसला. आमच्या गाडीला डाव्या बाजूस नवा पिस्टन आणि दोन्ही बाजूंस संपूर्ण रबर किट, पिनांचे बूट, पॅडच्या क्लिपा व नवे पॅड असे ठरले. उजवा कॅलिपर अजून अडकत नव्हता, तरी त्याच्या पिना कोरड्या पडल्या होत्या; एका बाजूचा ब्रेक मोकळा आणि दुसऱ्या बाजूचा जड राहिला तर गाडी ओढणे थांबत नाही, म्हणून दोन्ही बाजू एकत्र करण्याचा त्यांचा आग्रह मला पटला. डिस्कची जाडी मायक्रोमीटरने मोजून ती डिस्कवरच कोरलेल्या किमान जाडीपेक्षा पुरेशी जास्त असल्याचे त्यांनी दाखवले, त्यामुळे डिस्क बदलल्या नाहीत.

साफसफाई आणि ग्रीस यांबाबतची त्यांची काटेकोर पद्धत पाहण्यासारखी आहे. अनेक गॅरेजांत असे भाग सरसकट पेट्रोलने किंवा रॉकेलने धुतले जातात; त्याचा अंश राहिला तर ब्रेकचे रबर फुगते, आणि फुगलेले सील पिस्टनला पुन्हा पकडून बसते. येथे रबराला स्पर्श करणारा प्रत्येक भाग ब्रेक क्लीनरने धुऊन सुकवला गेला, आणि सीलची खाच लोखंडी टोच्याने न खरवडता टोकदार केलेल्या लाकडी काडीने साफ केली गेली, जेणेकरून खाचेला ओरखडा पडू नये. नवे सील ताज्या ब्रेक ऑइलमध्ये भिजवून बसवले. पिनांना बेअरिंगचे साधे ग्रीस न लावता सिलिकोन ग्रीस लावले, कारण साध्या ग्रीसमधले खनिज तेल पिनेच्या रबरालाही फुगवते; ते लावतानाही थर पातळ ठेवला, कारण भोकात ग्रीस जास्त भरले तर आतली हवा दाबली जाऊन पिन परत बाहेर ढकलली जाते. दोन पिनांपैकी एकीच्या टोकाला रबरी बूश होते, आणि कोणती पिन वर व कोणती खाली हे त्यांनी सोडवतानाच खडूने लिहून ठेवले होते. पॅड आणि कॅलिपर ज्यावर बसतात त्या ब्रॅकेटवर पॅडच्या क्लिपांखाली साचलेला गंज तारेच्या ब्रशने पूर्ण काढला. हा गंज क्लिपेला उचलून धरतो आणि पॅड त्याच्या खोबणीत घट्ट बसतो. पिस्टन व पिना नव्या असूनही चाक जड राहण्याचे हे एक कारण आहे, आणि घाईच्या कामात ते हमखास सुटते.

ब्रेक ऑइलबद्दल थोडे विस्ताराने लिहितो, कारण कॅलिपर आतून गंजण्याचे मूळ बहुधा तेथेच असते. डॉट 3 आणि डॉट 4 या ब्रेक ऑइलच्या दोन प्रती आहेत, आणि ही ऑइले हवेतली ओल शोषून घेतात. ताज्या डॉट 4 ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो, परंतु त्यात सुमारे 3.7 टक्के पाणी मिसळले की ही मर्यादा 155 अंशांपर्यंत खाली येते. डॉट 3 साठी हेच आकडे 205 आणि 140 आहेत. जाम झालेला कॅलिपर तापत राहतो, आणि जुने, ओलसर ऑइल त्या उष्णतेने उकळले की त्यात वाफेचे बुडबुडे होतात व पेडल एकदम खाली जाते. आंबा घाटासारख्या उतारावर हे घडले तर काय होईल ते वेगळे सांगायला नको. बहुतेक कंपन्या साधारण दोन वर्षांनी ऑइल बदलायला सांगतात आणि किनाऱ्यावरच्या गाडीसाठी ही मुदत ओलांडू नये असे माझे ठाम मत आहे. आमच्या गाडीतले ऑइल चहाच्या रंगाचे झाले होते. ते चारही चाकांतून पूर्ण काढून सीलबंद डब्यातले नवे डॉट 4 भरले गेले. उजवीकडचा पिस्टन सोडवण्याआधी थोडा आत ढकलून पाहतानाही निपल उघडे ठेवले होते, म्हणजे तळाचा गाळ मागे एबीएसच्या (जोरात ब्रेक मारल्यावर चाके जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेच्या) युनिटकडे जाऊ नये. होजच्या बोल्टला नवे तांब्याचे वॉशर घातले, आणि ब्रेक ऑइल रंग खाते म्हणून फेंडरवर ओले कापड पसरले होते.

सुटे भाग, ऑइल आणि मजुरी धरून एकूण खर्च साडेसहा हजारांच्या आत झाला, आणि त्यातला मोठा वाटा पॅडचा व पिस्टनचा होता. रबर किट त्या मानाने फारच स्वस्त असते. पिस्टन त्याच दिवशी मिळाला नाही, त्यामुळे गाडी रात्रभर तेथे ठेवावी लागली. बाहेरगावहून येणाऱ्यांनी ही शक्यता गृहीत धरूनच जावे. काढलेले सगळे जुने भाग मला पिशवीत घालून परत दिले गेले.

आता उणिवा. ब्रॅकेटचे बोल्ट सुरुवातीला केवळ हाताच्या अंदाजाने आवळले गेले, आणि मी आग्रह धरल्यावर शेजारच्या वर्कशॉपमधून टॉर्क रेंच, म्हणजे बोल्ट ठरावीक जोरानेच आवळणारा पाना, आणून कंपनीच्या आकड्याप्रमाणे पुन्हा तपासले. काकांचा अंदाज बरोबर निघाला हे खरे, तरीही ज्या बोल्टवर ब्रेक अवलंबून आहे तो अंदाजावर सोडू नये, आणि केवळ ब्रेकचे काम करणाऱ्या दुकानात स्वतःचा टॉर्क रेंच असायलाच हवा. दुसरी गोष्ट अधिक काळजीची आहे. ब्रेकची काळी भुकटी हवेच्या झोताने उडवली जाते आणि तेथे काम करणारी मुले तोंडाला काहीही न बांधता त्या धुळीत उभी असतात. ही धूळ ओली करून पुसून घेणे सहज शक्य आहे. मी ते काकांना स्पष्टपणे सांगितले आणि त्यांनी ते ऐकून घेतले, पण पुढच्या गाडीवर पुन्हा हवाच मारलेली पाहिली. बिल साध्या चिठ्ठीवर मिळाले, आणि भागांची नावे व ऑइलचा प्रकार त्यावर मागून लिहून घ्यावा लागला. कामाची हमी तोंडी आहे.

निकालाबद्दल मात्र मी पूर्ण समाधानी आहे. काम झाल्यावर दोन्ही चाके हाताने फिरवून दाखवली गेली, आणि पॅडचा अगदी हलका घासण्याचा आवाज दोन्हीकडे सारखा होता. नव्या पॅडचा एवढा स्पर्श अपेक्षितच असतो. पॅड बसेपर्यंत जोरात ब्रेक मारू नका, मध्यम वेगावरून हळूहळू गती कमी करण्याचा सराव रिकाम्या रस्त्यावर करा, अशी सूचना मिळाली होती, ती मी पाळली. परतताना मलकापूर सोडून आंबा घाट उतरलो, घाटात गाडी दुसऱ्या आणि तिसऱ्या गियरमध्ये ठेवली, आणि साखरप्यात थांबून उष्णता मोजण्याच्या इन्फ्रारेड यंत्राने दोन्ही डिस्क तपासल्या, तेव्हा डाव्या-उजव्या बाजूंत नाव घेण्यासारखा फरक नव्हता. गाडी ओढणे थांबले, वास गेला आणि पेट्रोलचा खर्च पूर्वपदावर आला. पावसाळा संपल्यावर मी रत्नागिरीतल्या माझ्या नेहमीच्या मेकॅनिककडून चाके काढून पुन्हा पाहिले. चारही पिना बोटाच्या दाबाने सरकत होत्या, बूट अखंड होते, आणि आतल्या व बाहेरच्या पॅडची झीज डोळ्यांना सारखी दिसत होती.

ज्यांच्या गाडीला मागेही डिस्क आहे आणि हँडब्रेक मागच्या कॅलिपरमध्येच बसवलेला आहे, त्यांना मी हे गॅरेज तितक्या खात्रीने सुचवणार नाही. त्या कॅलिपरमधला पिस्टन फिरवत आत न्यावा लागतो, काही गाड्यांत हँडब्रेकची मोटर संगणकाने सोडवावी लागते, आणि तशी साधने मला तेथे दिसली नाहीत. दुचाकींचे कॅलिपर मात्र ते मोठ्या संख्येने करतात, आणि चिखलात फिरणाऱ्या मोटारसायकलींच्या पिना व पिस्टन यांची कथा मोटारींसारखीच असते. पुढे डिस्क, मागे ड्रम असलेल्या साध्या गाडीसाठी आणि विशेषतः असेंब्ली बदलण्याचे अंदाजपत्रक हातात असलेल्या गाडीमालकासाठी येथे जाणे नक्कीच लाभाचे आहे. गाडीचे मॉडेल व उत्पादनाचे वर्ष आधी कळवावे, म्हणजे पिस्टन व किट मागवून ठेवता येते. सकाळी लवकर पोहोचावे, निपल उघडून केलेली तपासणी स्वतः उभे राहून पाहावी, आणि मेअखेरीस पावसाळ्यापूर्वीची गर्दी असते तेव्हा जाणे टाळावे.